छोट्या सॉफ्टवेअर टीमचं काम मोजायचं कसं

आपल्या सांगलीत सहा-आठ जणांची टीम असते, कुणी साखर कारखान्याचं ऊस बिलिंग करतं, कुणी मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत्यांचं अकाउंटिंग, आणि कधी ना कधी मालक विचारतातच की पोरं नक्की काम किती करत्यात. विचारायलाच पाहिजे, पगार तेच देतात. पण उत्तर एकेका पोराकडं बघून शोधायला गेलं की गडबड होते. मोजायचं ते काम आत आल्यापासून लाइव्ह जाईपर्यंतचा, म्हणजे ग्राहकाच्या वापरात येईपर्यंतचा प्रवास.

आधी काय मोजू नका ते सांगतो. कोडच्या ओळी, कमिटची (कोडमधला बदल जतन करून ठेवणं म्हणजे कमिट) संख्या, खुर्चीत बसलेले तास, हे तिन्ही सोडा. १९८२ मध्ये ॲपलच्या लिसा कॉम्प्युटरच्या टीममध्ये मॅनेजर लोक दर आठवड्याला किती ओळी लिहिल्या ते फॉर्मवर भरून घ्यायचे, तेव्हा तिथले प्रोग्रामर बिल ॲटकिन्सन यांनी ग्राफिक्सचा एक भाग नव्यानं लिहून कितीतरी फास्ट केला आणि दोन हजार ओळी कमी झाल्या, तर फॉर्मवर त्यांनी सरळ उणे २००० लिहिलं! स्टोरी पॉइंटचंही (काम किती मोठं याचा टीमनं अंदाजानं लावलेला आकडा) तसंच, पुढच्या स्प्रिंटला, म्हणजे एक-दोन आठवड्यांच्या टप्प्याला, किती काम घ्यायचं ते ठरवायला ठीक आहेत, पण दोन टीमची तुलना त्यावर करू नका, कारण पॉइंट वाढवून लावणं कुणाच्याही हातात असतं. ऊस किती तोडला यावर साखर ठरत नाही, उतारा बघावा लागतो.

आता सुरुवात. एक साधी शीट करा आणि प्रत्येक कामापुढं तीन तारखा टाका: मागणी कधी आली, हातात कधी घेतलं, लाइव्ह कधी गेलं. कामांची नोंद ठेवायचं जिरा हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यातनंच निघतात. हातात घेतल्यापासून लाइव्हपर्यंतचे दिवस म्हणजे सायकल टाइम. समजा नऊ कामांना २, ३, ३, ४, ४, ५, ६, ९ आणि ३१ दिवस लागले. सरासरी काढली तर जवळपास साडेसात येते, पण नऊपैकी सात कामं सहा दिवसांच्या आत झालीत की! म्हणून मधला आकडा धरा, म्हणजे ४. आणि ते ३१ वालं काम वेगळं उघडून बघा, खरी माहिती तिथंच असते. बहुतेक वेळा कोड दोन दिवसांत झालेला असतो, मग तो रिव्ह्यूला, म्हणजे दुसऱ्यानं तपासायला, पडून राहतो, नाहीतर कारखान्याकडनं टेस्टिंगचा डेटाच आलेला नसतो. यात पोराचा काय दोष?

दुसरं, एका वेळी किती कामं उघडी आहेत ते मोजा. बारा उघडी आणि आठवड्याला चार पूर्ण, म्हणजे एक काम सरासरी तीन आठवडे घेणार, हा लिटलचा नियम आहे. पूर्ण होण्याचा वेग तोच ठेवून सहाच उघडी ठेवलीत तर दीड आठवडा. मला विचाराल तर सगळ्यात स्वस्त सुधारणा हीच, एक पैसा लागत नाही.

नुसता वेग बघून चालणार नाही. डोरा नावाच्या संशोधन गटाचे चार आकडे प्रसिद्ध आहेत: किती वेळा डिप्लॉय करता (नवा कोड लाइव्ह टाकता), कमिटपासून लाइव्हपर्यंत किती वेळ जातो, किती डिप्लॉय बिघडतात आणि बिघडल्यावर किती वेळात सावरता. दहा डिप्लॉयपैकी दोन मागं घ्यावे लागले किंवा हॉटफिक्स (घाईनं केलेली दुरुस्ती) लागला तर बिघाड २० टक्के. शेवटचा आकडा आमच्या भागात फार महत्त्वाचा, कारण काट्यावर पावती निघत नाही आणि मागं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलीय अशा वेळी शेतकऱ्याचा ऊस उन्हात वाळतो, वजन घटतं. तिथं एकेक मिनिट मोजा, फोन आल्यापासून पावती परत सुरू होईपर्यंत.

आणखी एक, गळीत हंगामात डिप्लॉय कमीच होणार, कुणी मुद्दाम रिस्क घेत नाही, त्यामुळं डिसेंबरचा आकडा जूनशी लावू नका, मागच्या डिसेंबरशी लावा.

महिन्यातनं एकदा प्रत्येकाला विचारा, या महिन्यात कुठं अडकलास? उत्तर शीटमध्येच लिहून ठेवा, आकडा का हलला ते त्यातनं कळतं. आणि शीट सगळ्यांना उघडी ठेवा, त्यात कामाचं नाव असू दे, माणसाचं नको, पगारवाढीच्या बोलण्यात तर ती आणूच नका, नाहीतर पुढच्या महिन्यापासनं तारखा सोयीनं भरल्या जातील.