उभ्या गाडीची बॅटरी कोण खातंय ते शोधा

खानापूरकडं पाऊस लागला की गाडी चार-चार दिवस दारात उभी, आणि मग बेळगावला जायचं म्हणून चावी फिरवली की नुसतं टक टक. लगेच नवी बॅटरी घेऊ नका ओ, आधी बघा तरी. रात्रभर उभ्या गाडीत बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास पाहिजे, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५, हे दोन्ही बरोबर असून पण उतरत असेल तर गाडीतलंच काहीतरी करंट खातंय.

मल्टिमीटर (व्होल्ट, करंट मोजायचं यंत्र) १० अँपियरवर लावा, लाल वायर पण त्याच्या १० अँपियरच्या भोकात घाला, निगेटिव्ह केबल काढून केबल आणि टर्मिनलच्या मधे मीटर जोडा. आता चावी अजिबात फिरवायची नाही, मीटरचा फ्यूज जातो! दारं लावून अर्धा तास थांबा, कारण नवीन गाड्यांतले कंट्रोलर (छोटे कॉम्प्युटर) गाडी बंद केल्यावर लगेच झोपत नाहीत, थोडा वेळ करंट घेत राहतात, आणि इथंच बरेच लोक घाई करतात.

५० मिलीअँपियरच्या आत असेल तर ठीक. अर्धा अँपियर दिसला तर दिवसाला १२ अँपियर-तास गेले, ४५ अँपियर-तासांची बॅटरी चार दिवसात संपली की. मग एकेक फ्यूज काढत जा, ज्याला आकडा धपकन पडेल तीच लाईन. माझ्या अनुभवात बाहेरून बसवलेला स्टिरिओ नाहीतर डिकीचा दिवा असतोय. सगळे फ्यूज काढून पण आकडा तसाच? अल्टरनेटरचा (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करतो तो) डायोड तपासून घ्या, तो खराब असला की करंट उलटा जातो.