व्यायाम सुटल्यावर पुन्हा कसा धरावा

गेल्या अकरा वर्षांत माझा व्यायाम निदान वीस वेळा सुटला आहे. आज सकाळी मात्र पुण्यातल्या पर्वती टेकडीच्या १०३ पायऱ्या दोनदा चढून, घरी येऊन, डबे भरून वेळेत ऑफिसला पोचले. तेव्हा हा लेख लिहायचा अधिकार मला आहे असं मी समजते. वर्षानुवर्षं एक दिवसही न चुकवणाऱ्या माणसाचा सल्ला याबाबतीत घेऊ नये. सुटणं म्हणजे काय हेच त्याला माहीत नसतं.

सहकारनगर, लक्ष्मीनगर, दत्तवाडी इकडच्या लोकांना पर्वती म्हणजे फुकटची व्यायामशाळा. १ जानेवारीला तिथे पाय ठेवायला जागा नसते आणि संक्रांत होईतो कोरे करकरीत बूट दिसेनासे होतात. नव्याचे नऊ दिवस, असं म्हणून आपण हसतो. पण त्या लोकांकडे जिद्द नसते, हे मला पटत नाही. होतं काय, की सर्दी होते, मुलाची परीक्षा येते, गावाकडचं लग्न निघतं आणि चार दिवस जातात. पाचव्या दिवशी काय करायचं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. सगळे सल्ले सुरुवात कशी करावी याचेच. सुरुवातीचं काय, आरंभशूर आपण सगळेच आहोत.

क्रमाने सांगते. सोपं आहे ते पटकन उरकते.

१. वेळ आणि प्रकार ठरवा

जे आवडतं ते करा, आणि घरातलं कुणी हाक मारणार नाही अशा वेळी करा. माझी वेळ पहाटे साडेपाचची.

२. बूट घ्या

चांगले घ्या आणि दाराशी ठेवा. ॲप, मनगटाचे पट्टे, रेघा आखलेल्या पाण्याच्या बाटल्या यांवर पहिले सहा महिने एक रुपया घालवू नका. रक्तदाब, मधुमेह, हृदयाचं किंवा गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. चढताना छातीत दाटून आलं किंवा गरगरलं तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांकडे जा. त्यात शौर्य दाखवू नका.

३. किती करायचं ते बघून ठेवा

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. शिवाय दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असं काहीतरी. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं, पण गाणं म्हणायला जाल तर दम लागतो. पूर्वी 'निदान दहा मिनिटं सलग हवीत' अशी अट होती. २०२० च्या शिफारशींत तीही काढून टाकली. पाच मिनिटंसुद्धा जमेस धरली जातात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

४. आपलं 'किमान' ठरवा

अगदी वाईट दिवशी, ताप सोडून, जे करता येईल ते म्हणजे किमान. ऐकणाऱ्याला हसू यावं इतकं ते छोटं हवं. माझं किमान: बूट घालून सोसायटीला दोन फेऱ्या. पाऊस असेल तर जिन्याने चार मजले. तेही होणार नसेल तर तीन सूर्यनमस्कार. हे किमान अंगात उत्साह असताना ठरवून कागदावर लिहून ठेवायचं. कंटाळा आलेल्या माणसाला काही ठरवता येत नाही, तो फक्त वकिली करतो.

५. खंड पडला, आता काय?

खरी अडचण इथे आहे आणि मी इथेच आपटले होते.

व्यायाम सुरू करून माझं दुसरं वर्ष होतं. गणपतीत सुटला, म्हटलं विसर्जन झालं की जाऊ. मग पितृपक्षात घरी आजारपण, मग नवरात्र, मग फराळाची तयारी. भाऊबीज झाली आणि येणाऱ्या सोमवारचा मुहूर्त मी पक्का केला. दोन महिन्यांची भरपाई करायची होती ना! त्या सोमवारी पर्वतीच्या पाच फेऱ्या मारल्या. पाच! सुटायच्या आधीसुद्धा मी तीनच मारत होते. दुपारच्या डब्यात काकडी आणि दोन चमचे दही.

मंगळवारी थोडं दुखलं. बुधवारी ऑफिसचा जिना मला सरळ उतरता येईना. कठडा धरून, खेकड्यासारखी आडवी होऊन, एकेक पायरी. शिपाईकाका खाली उभे राहून बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "मॅडम, लिफ्ट चालू आहे हो." अंगाला सवय नसताना केलेल्या व्यायामाचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सगळ्यात जास्त चढतं, आणि त्यातही चढण्यापेक्षा उतरणं महागात पडतं. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच अंगाचा भार पेलत असतात. हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, आपलं वय झालं.

त्याच रात्री अकराला, दिवा न लावता, ओट्याशी उभी राहून मी डब्यातून मुठीमुठीने चिवडा खाल्ला. तीन दिवस काकडीवर काढलेल्या माणसाची मूठ केवढी मोठी असते ते तेव्हा कळलं. त्यानंतर मी पर्वतीवर गेले ती थेट होळीनंतर.

चिवडा किंवा मांड्या यांना दोष नाही. खंड पडला म्हणून मी स्वतःला शिक्षा करायला निघाले होते, आणि रोज शिक्षा घ्यायला कोण पहाटे उठून जाईल? त्यानंतर मी जे नियम केले ते आजतागायत पाळते.

पहिला नियम, भरपाई नाही. बुडालेले दिवस बुडाले. ते वसूल करायला जाऊ नका.

दुसरा, मुहूर्त नाही. सोमवार नाही, एक तारीख नाही, पाडवा तर नाहीच. मुहूर्त ठरवला की मधले दिवस 'आता काय, सोमवारपासूनच' म्हणत आणखी बिघडवतो आपण. मी बहुतेक वेळा बुधवारी किंवा गुरुवारी, कधी तर संध्याकाळी ऑफिसच्याच कपड्यांत सुरू केलं आहे.

तिसरा नियम लोकांना पटत नाही, पण तो मी सोडणार नाही. परतीच्या पहिल्या दिवशी फक्त किमान. अंगात जोर असला तरी दोन फेऱ्या आणि घरी. 'अजून थोडं केलं असतं' असं वाटत घरी आलात की उद्या जाल. 'मेलो बुवा' म्हणत आलात तर जाणार नाही. पहिला आठवडाभर जुन्याच्या निम्मं, दुसऱ्या आठवड्यात पाऊण, मग पूर्ववत. खंड महिन्याहून मोठा असेल तर यालाही दुप्पट वेळ द्या. दोन-तीन आठवड्यांत दमसास उतरतो. स्नायूंची ताकद त्यापेक्षा जास्त टिकते आणि म्हणूनच माणूस फसतो. पाय 'चल' म्हणतात, छाती मागे राहते.

चौथी गोष्ट लाजेची. हिच्याबद्दल कुणी बोलत नाही, पण निम्मे लोक हिच्यापायी परत येत नाहीत. रोज भेटणारी माणसं विचारतील, "काय, दिसला नाहीत बरेच दिवस!" मी एकदा हे टाळायला आठवडाभर तळजाईच्या टेकडीवर गेले होते. उत्तर आधी ठरवून ठेवा. माझं ठरलेलं आहे, "खाडे झाले." दोन शब्द बोलायचे आणि पुढे चालायचं. कारणं सांगत बसलात की तिथेच दहा मिनिटं जातात, आणि समोरचा स्वतःच्या गुडघ्याची कथा सुरू करतो ती वेगळीच.

खाडे हा शब्द मी दुधाच्या हिशेबातून उचलला. आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडतात. त्याच चौकटीत कोपऱ्यात मी माझे मांडते. ज्या दिवशी गेले नाही तिथे एक छोटी फुली, बाकी चौकटी कोऱ्या. दूधवाल्याचे दोन खाडे झाले म्हणून आपण रतीब बंद करत नाही, महिन्याच्या शेवटी वजा करतो आणि पुढे चालू. सलग किती दिवस झाले याची साखळी मोजणारे लोक मला माहीत आहेत. साखळी तुटली की तेही तुटतात. मी महिन्याचे खाडे मोजते. आठपर्यंत असले तर महिना चांगला गेला असं धरते.

यावर कुणीतरी हमखास सांगतं की २१ दिवस सलग केलं की सवय लागते. हा आकडा कुठून आला ते ऐका. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं होतं, की शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा आपला वाटायला माणसाला निदान २१ दिवस लागतात. त्यातलं 'निदान' गळलं, चेहराही गळला आणि २१ उरले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज एक नवी सवय लावून घ्यायला सांगितलं आणि १२ आठवडे नोंदी घेतल्या. सवय अंगवळणी पडायला लागणाऱ्या दिवसांचा मध्य निघाला ६६. कुणाचं १८ दिवसांत झालं, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब आला. आपल्या कामाची गोष्ट पुढेच आहे. मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. बाविसाव्या दिवशीही उठायचा कंटाळा येत असेल तर तुमच्यात काही बिघाड नाही.

६. खाणं

इथेही मोडतं ते खंडापाशीच. आपल्याकडे श्रावणापासून दिवाळीपर्यंत आणि मग लग्नसराईत जीभ आवरून धरा म्हणणं हा शुद्ध वेडेपणा आहे. उकडीचा मोदक गरम असताना, वर तूप सोडून खायचा असतो, तो खा. घात करतो तो दुसरा दिवस. सण एका दिवसाचा, डबे पंधरा दिवसांचे. चहा टाकला की करंजी, पाहुणे आले की चकली, पाहुणे गेले की उरलेली चकली.

म्हणून सणानंतर पुढचंच जेवण साधं, नेहमीचं आणि पोटभर. उपास नाही, सूप नाही, काकडी तर अजिबात नाही. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते की निम्मं ताट भाज्या-फळांचं असावं. आपल्या ताटात हे बसवणं अवघड नाही. पोळी एक कमी, भाजी दुप्पट, कोशिंबीर चमचाभर न घेता वाटीभर, आणि वरण किंवा उसळ. लोक कोशिंबीर लोणच्यासारखी वाढून घेतात, तिथेच गणित चुकतं. उपासाच्या दिवशी साबुदाण्याऐवजी वरीचा भात आणि दाण्याची आमटी करा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, प्रथिनं त्यात नावालाच. खिचडीत थोडा दम येतो तो दाण्याच्या कुटामुळे.

स्वतःसाठी वेगळा डाएटचा स्वयंपाक करू नका. दोन आठवड्यांत बंद पडतो, मी तीनदा बंद पाडला आहे. सगळ्यांसाठी एकच करा आणि आपल्या ताटात वाढणी बदला.

संध्याकाळी साडेसहाची भूक ही एकच वेळ जपायची. ऑफिस सुटलेलं, जेवायला दोन तास, आणि स्टॉपसमोर गाडीवर कढईतून वडे निघत असतात. तिथे निग्रह चालत नाही, पोट भरलेलं लागतं. पाच वाजता जागेवरच मूठभर फुटाणे, थोडे भाजलेले दाणे आणि एक केळं किंवा पेरू. पिशवी पर्समध्ये कायम. ती संपलेली असते त्या दिवशी मी वडापाव खाते, हे अनुभवाने सांगते.

राहता राहिला आग्रह. आमच्या सासूबाईंची ठरलेली ओळ आहे, "अगं, एवढ्याशा करंजीने काय होतंय?" मी पूर्वी वाद घालायचे, कॅलरी सांगायचे. त्यांचा चेहरा पडायचा आणि नंतर मीच लपून दोन खायचे. आता म्हणते, "द्या आई, पण एकच, बसून खाते." खरंच बसून, बशीत घेऊन, त्यांच्याशी बोलत खाते. उभ्याने डब्यातून खाल्लेलं मोजलं जात नाही, तेवढं एक टाळा. फराळाचे डबे मी वरच्या फळीवर सरकवले आहेत आणि फुटाण्यांची बरणी पुढे आणली आहे. आई म्हणतात की स्टुलावर चढायला लावतेस म्हातारीला. तेव्हा त्यांचा एक छोटा डबा खाली ठेवला आहे. त्याला मी हात लावत नाही. सहसा.

७. पावसाळा

पर्वतीच्या पायऱ्या जूनपासून निसरड्या होतात. जिना किंवा सूर्यनमस्कार. छत्री घेऊन चढू नका.

आत्ता तुमचा खंड चालू असेल तर बूट बाहेर काढून ठेवा. दोन महिने पडून असतील तर पायात घालण्याआधी उलटे करून झटका. माझ्या उजव्या बुटातून एकदा पाल निघाली होती, आणि त्या दिवशीचं किमान तिनेच माझ्याकडून पुरं करून घेतलं.