फ्रेंच क्रियापदांची मुकी शेपटं

'ईआर'नं संपणारी फ्रेंच क्रियापदं मला तोंडपाठ होती, तरी लिहिताना वर्तमानकाळात शेवट हमखास चुकायचा. मी कानावर विसंबून लिहीत होते, तिथेच घोळ होता. 'पार्ले' म्हणजे बोलणं. त्याची मी, तू, तो आणि ते यांची रूपं ऐकायला एकच: 'पार्ल'! लिहिताना मात्र 'तू'च्या रूपाला शेवटी 'एस' लागतो, 'ते'च्या रूपाला 'ईएनटी', आणि ही अक्षरं उच्चारात मुकी. मग रोज एकच क्रियापद घेऊन सहाही रूपं हातानं लिहिली, मुकी अक्षरं लाल शाईनं. 'आम्ही'चं 'पार्लों' कानालाच वेगळं लागतं, तिथे अडलं नाही. 'मांझे' म्हणजे खाणं, त्याच्या 'आम्ही'च्या रूपात मात्र 'ई' राखावाच लागतो, नाहीतर 'झ'चा 'ग' होतो. हे मला फार आवडलं. दोन आठवड्यांत लाल शाईची गरज उरली नाही.