कॉन्व्हिक्ट माशाची जोडी लावायची, तर आधी घर मांडा

माझा धंदा कूलर दुरुस्तीचा. मार्च ते जून नागपुरात मला जेवायची फुरसत नसते आणि दिवाळीनंतर कोणी फोनही करत नाही. माशांचा नाद त्या रिकाम्या महिन्यांतला. पहिल्या वर्षी दुकानातून कॉन्व्हिक्टचा एक मोठा नर अन् एक मादी आणली, दोन फुटी टँकमध्ये सोडली आणि झोपलो. सकाळी मादी फिल्टरमागे पडलेली, शेपटी पार कुरतडलेली. बायको म्हणाली, "कसाई आणला का घरात?" मलाही तेव्हा तसंच वाटलं. खरं म्हणजे तिला लपायला मी काहीच ठेवलं नव्हतं. नुसती रेती अन् एक प्लास्टिकचं झाड.

कॉन्व्हिक्ट मूळचा मध्य अमेरिकेतला. अंगावर काळे पट्टे, कैद्याच्या कपड्यासारखे, म्हणून हे नाव. (हा ज्या कुळातला, त्याला दुकानात कोणी सिचलिड म्हणतं, कोणी चिचलिड. सिक्लिड म्हणालात तर समोरचा आधी तुमच्या तोंडाकडे पाहील.) भांडखोर माशांची पैदास शिकायची तर इथूनच शिका. फ्लॉवरहॉर्नच्या मागे लागू नका. ती माणसानं केलेली संकर जात, पुष्कळ नर वांझ निघतात आणि त्याला एकट्यालाच मोठा टँक लागतो.

टँक तीन फूट लांब, १५ इंच रुंद, १८ इंच उंच घ्या. काठोकाठ १६० लिटर बसतं, म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन दीड क्विंटलच्या वर, तेव्हा जुन्या टेबलावर भरवसा नको. कन्हान नदीची रेती चाळून, पाणी नितळ निघेपर्यंत धुवा. नळाच्या पाण्यात अँटी-क्लोरीन टाका. मग फिल्टर चालू करून, रोज चिमूटभर खाद्य टाकत थांबा. माशांच्या घाणीतून होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये बसायला चार ते सहा आठवडे लागतात. कोणाच्या चालू टँकमधला जुना स्पंज मिळाला तर हे काम लवकर होतं. पुढं दर आठवड्याला एक तृतीयांश पाणी बदलायचं.

आता मुख्य काम, मांडणी. या माशाला जिथवर दिसतं, तिथवर त्याची हद्द. म्हणून मधोमध दगड असे रचा की एका टोकाहून दुसरं टोक दिसूच नये. दगड रेतीवर ठेवू नका, तळाच्या काचेवर टेकवा, मग भोवती रेती ओता. हे लेकाचे रात्रभर रेती उकरतात, दगड घसरला तर काच गेली. दोन टोकांना दोन मातीच्या कुंड्या आडव्या, तोंडं एकमेकींकडे पाठ करून. आणि मादी शिरेल पण नर शिरणार नाही असा पाइपचा तुकडा, दोन्ही बाजूंनी उघडा. एकाच बाजूनं उघडा असेल तर नर दारात बसून राहतो.

मोठी जोडी विकत घेऊन लावू नका. सहा छोटी पिल्लं आणा, सोबत वाढू द्या, ती आपली जोडी आपण जमवतात. मादी ओळखायला सोपी: आकारानं लहान, पण पोटावर नारिंगी छटा तिच्याच. नर मोठा, पंख टोकदार. दोघं मिळून एक कोपरा धरून बाकीच्यांना हाकलू लागले की त्याच दिवशी बाकीचे चार काढा. उद्यावर ढकललं तर फाटके पंख मोजत बसाल.

मध्ये घालायला जाळी कापून तयार ठेवा. मी पहिल्यांदा कूलरची जस्ताची जाळी लावायला निघालो होतो, घरात ढीग पडलेला ना! पण पाण्यात उतरलेलं जस्त माशांना विष असतं. प्लास्टिकचीच घ्या. नर मादीच्या फारच मागे लागला तर आठवडाभर जाळीआड ठेवायचा.

तापमान २७ अंश. डिसेंबरात आपल्याकडे रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो, तेव्हा हीटर लागतोच, तोही प्लास्टिकच्या जाळीआड, नाहीतर धडक देऊन फोडतात. पाणी बदलताना आधी प्लग काढा. वायर प्लगच्या खाली लोंबती ठेवून मग वर न्या, म्हणजे तिच्यावरून ओघळलेलं पाणी बोर्डात जाणार नाही. मी वायरींत हात घालणारा माणूस आहे, हे हलक्यात घेऊ नका.

अंडी कुंडीच्या आतल्या बाजूला चिकटतात. मादी पंखानं वारा घालते, पांढरी पडलेली अंडी खाऊन टाकते, नर बाहेर पहारा देतो. साधारण तीन दिवसांत अंडी फुटतात, आणखी चार-पाच दिवसांनी पिल्लं पोहू लागतात. पहिलं वेत आईबापच खाऊन टाकतात कधीकधी. दुसऱ्या खेपेला शिकतात. पिल्लांना अंड्यातून ताजा फुटलेला आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव), नाहीतर बोटांनी पीठ केलेलं फ्लेक, म्हणजे माशांचं पापुद्र्यांचं खाद्य, थोडं थोडं, दिवसातून चारदा. फिल्टर स्पंजचा ठेवा, दुसरा पिल्लं ओढून घेतो.

नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, पैदास करूच नका. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. पाण्यावर पंखा सोडा, वाफ होऊन दोन-तीन अंश उतरतात, कूलरचंच तत्त्व. जुलैत दमट हवेत कूलर चालत नाही, तसा हाही चालत नाही. उडालेल्या पाण्याच्या जागी नुसती भर घालत राहिलात तर क्षार साचत जातात, म्हणून पाणी बदलणं चुकवू नका. लाइट गेली तर बॅटरीचा एअर पंप हवा.

एका वेळी शंभरावर पिल्लं होतात आणि दुकानदार दोनदा घेतो, तिसऱ्यांदा हात जोडतो. म्हणून फुटाळा, अंबाझरी तलावांत सोडायचं नाही. ऑस्ट्रेलियात असेच सोडलेले कॉन्व्हिक्ट कोमट पाण्यात रुजून बसले. पैदास थांबवायची तर नर-मादी वेगळे करा. मी यंदा शहाणपणा करून फक्त दोन्ही कुंड्या काढल्या. त्यांनी फिल्टरमागच्या काचेवर अंडी घातली.