आधी बाजूने उजेड टाकून बघा

प्रकाशयोजनाकार म्हणून माझं पहिलं स्वतंत्र काम नृत्याचं होतं. त्याआधी दोन वर्षं नाटकांच्या प्रयोगांना शिडी धरणं, केबल ओढणं, दिव्यांपुढे लावायचे रंगीत जिलेटिन कागद कापणं एवढंच केलं होतं. नाटकात जे पाहिलं तेच मी इथे केलं. समोरून, उजव्या आणि डाव्या बाजूने साधारण ४५ अंशांतून दिवे टाकले आणि अख्खा रंगमंच एकसारखा उजळून काढला. चेहरे स्वच्छ दिसत होते, पण नर्तकी कागदावर चिकटवल्यासारख्या सपाट वाटत होत्या. गिरकी घेतली तरी गिरकी जाणवत नव्हती. तिथल्या एका जुन्या तंत्रज्ञांनी काही न बोलता दोन दिवे विंगेत, जमिनीपासून जेमतेम फूटभर उंचीवर ठेवले आणि समोरचा उजेड अर्ध्याहून खाली आणला. पोटऱ्या, कंबर, खांद्याची कड, सगळ्याला एकदम गोलाई आली. त्या दिवशी जे दिसलं, त्याच्याच आधारावर मी अजूनही प्रत्येक काम सुरू करते.

नाटकात प्रेक्षकाची नजर आधी नटाचे डोळे आणि ओठ शोधते. चेहरा अंधारात राहिला की संवाद ऐकूही येईनासा होतो, हे रंगमंचावरची माणसं नेहमी सांगतात आणि ते खरं आहे. म्हणून समोरचा उजेड लागतो. रंगमंच-प्रकाशयोजनेचे अमेरिकन शिक्षक स्टॅन्ली मॅककँडलेस यांनी १९३०च्या दशकात मांडलेली पद्धत आजही पहिला धडा म्हणून उपयोगी पडते: रंगमंचाचे भाग पाडायचे, प्रत्येक भागाला दोन दिशांनी दोन दिवे द्यायचे, एक उबदार रंगाचा, एक थंड. दोन्हीकडून उजेड मिळतो, पण दोन गालांवर दोन छटा पडतात, म्हणून चेहरा सपाट होत नाही.

नृत्यात मात्र नजर अख्ख्या शरीरावर असते. मॅककँडलेस यांच्याचकडे शिकलेल्या प्रकाशयोजनाकार जीन रोझेंथाल यांनी आधुनिक नृत्यातल्या अमेरिकन नृत्यदिग्दर्शिका मार्था ग्रॅहम यांच्या नृत्यांसाठी वर्षानुवर्षं प्रकाशयोजना केली आणि बाजूच्या उजेडाचं महत्त्व जगाला दाखवून दिलं. विंगेतल्या उभ्या पाइपवर तीन उंचींना दिवे लावतात: पोटरीच्या, कमरेच्या आणि डोक्याच्या वर. सगळ्यात खालच्या दिव्याचा झोत नीट कापला तर तो जमिनीला न लागता समोरच्या विंगेत निघून जातो. जमीन काळी राहते, मागचा पडदा काळा राहतो आणि नर्तक हवेत तरंगल्यासारखा दिसतो. या दिव्यांचा त्रासही आहे. ते थेट डोळ्यांत जातात, अंतराचा अंदाज चुकतो, धावत बाहेर येणारा नर्तक त्यांवर आदळू शकतो. म्हणून ते नर्तकांना न सांगता कधीही लावू नका. पाइपच्या पायाशी पांढरी पट्टी चिकटवा आणि त्या उजेडात एकदा तरी पूर्ण तालीम होऊ द्या.

हे सगळं समजायला महागडी सामग्री लागत नाही. खोली पूर्ण अंधारी करा, एका माणसाला खुर्चीवर बसवा आणि एकच दिवा हातात घेऊन त्याच्याभोवती हळूहळू फिरा. समोरून, बाजूने, पाठीमागून, डोक्यावरून, पायाशी. प्रत्येक जागी थांबून नाकाची सावली कुठे पडते, डोळ्यांच्या खोबणीचं काय होतं, वय वाढल्यासारखं वाटतं की कमी झाल्यासारखं, हे लिहून ठेवा. दिवा दुप्पट लांब न्या आणि उजेड किती पडतो ते बघा. निम्मा नाही, चौथाईच उरतो. मी महिनाभर रोज हेच केलं. रंगमंचावरच्या दिव्यांचे फ्रेनेल, प्रोफाइल आणि पार असे प्रकार असतात; फ्रेनेलचा कडा विरघळलेला झोत, प्रोफाइलचा सुरीने कापल्यासारखा झोत आणि पारचा लांबट, दणकट झोत यांतला फरक नंतर पटकन कळला, कारण डोळा तयार होता.

कन्सोल, म्हणजे दिवे चालवायचा नियंत्रण-फलक, लगेच शिकायची घाई नको. डीएमएक्सच्या, म्हणजे कन्सोलचे हुकूम दिव्यांपर्यंत नेणाऱ्या संकेतप्रणालीच्या, एका ओळीत ५१२ चॅनेल असतात, प्रत्येक दिव्याला पत्ता द्यावा लागतो, एलईडीला अनेक चॅनेल लागतात; हे काही दिवसांत हातात बसतं. सुरक्षेचे नियम मात्र पहिल्याच दिवशी पाठ हवेत: टांगलेल्या प्रत्येक दिव्याला सुरक्षासाखळी, हातात हातमोजे, हॅलोजन बल्बला उघडं बोट लावायचं नाही, सर्किटवर किती वॅटचा भार आहे ते आधी मोजायचं.

रंगाबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते. लाल पोशाखावर हिरवा उजेड टाकला की तो जवळजवळ काळा होतो. मी एकदा गर्द लाल साड्यांवर निळसर हिरवी रात्र उभी केली आणि वेषभूषाकाराची अनेक आठवड्यांची मेहनत मातीमोल झाली. तेव्हापासून कापडाचा तुकडा मागून घेते आणि ठरवलेल्या दिव्याखाली धरून बघते. हॅलोजन दिवा मंद केला की तो आपोआप तांबूस होतो. एलईडी मंद केला तरी सहसा त्याच रंगाचा राहतो. सूर्यास्तासाठी एलईडी वापरणार असाल तर ती तांब्याची झाक तुम्हालाच हळूहळू मिसळावी लागेल.

तालमीला किमान चार वेळा बसा. पहिल्यांदा वही उघडू नका, नुसतं बघा. दुसऱ्यांदा उजेड कुठे बदलावासा वाटतो तेवढ्या जागा टिपा. नंतर काळ मोजा. क्यूचं, म्हणजे उजेड बदलायच्या नेमक्या क्षणाचं, मर्म या मोजण्यात आहे. नट खिडकीकडे वळल्यावर उजेड सुरू झाला तर तो मागे पडलेला दिसतो. वळण्याआधीच्या श्वासावर सुरू केला आणि वळणं संपताना पूर्ण झाला, तर नटानेच उजेड ओढून आणल्यासारखं वाटतं. उजेड हळूहळू बदलणं म्हणजे फेड; तीन सेकंदांचा फेड आणि सात सेकंदांचा फेड यांत प्रसंगाचा अर्थ बदलतो. नृत्यात मी सेकंद लिहीतच नाही, मात्रा लिहिते, कारण वादकांची लय रोज थोडी हलते आणि ऑपरेटरने घड्याळाऐवजी पाय ऐकायला हवेत.

डोळा तुलनेने बघतो, हेही लक्षात ठेवा. पूर्ण अंधारानंतर १५ टक्क्यांवरचा एक दिवा भरपूर वाटतो. लख्ख प्रसंगानंतर तोच दिवा बंद असल्यासारखा वाटतो. सुरुवातीलाच सगळं ९० टक्क्यांवर नेलंत तर शेवटच्या प्रसंगासाठी तुमच्या हातात काहीच उरत नाही.

गेल्या वर्षी माझं एक नृत्य दुसऱ्या नाट्यगृहात गेलं. आराखड्यात ३६ दिवे होते, तिथे मिळाले १४. सोबतच्या नवशिक्या मुलीला मी विचारलं, काय काढायचं? तिने आराखडा जमिनीवर पसरला, बराच वेळ बघत बसली आणि समोरच्या ओळीवर बोट ठेवलं. आम्ही समोरचे दोनच ठेवले, मागचे चार, आणि उरलेले आठ विंगांत.