दाण्याची ॲलर्जी आणि सांगली-पुणे फेरी

सांगलीत शेंगदाणा न चालणारं पोर सांभाळणं म्हणजे कसरतच. भडंगापासून कोशिंबिरीपर्यंत कूट कुठे नाही? लेकीला तपासणीसाठी पुण्याला नेते, त्यातून जमलेलं सांगते.

अपॉइंटमेंट घेतानाच विचारा, सर्दी-खाजेची कुठली औषधं किती दिवस आधी थांबवायची. सेटिरिझिन चालू असलं की टोचून करायच्या चाचणीत गांधी नीट उठत नाहीत, फेरी फुकट. मनानं मात्र काही बंद करू नका. दम्याचा पंप तर नाहीच.

डॉक्टरांनी ॲड्रेनॅलिन, म्हणजे जोराची ॲलर्जी उठली तर द्यायचं इंजेक्शन, दिलं असेल तर ते हातातल्या पिशवीत. डिकीत नको, तापलेल्या डॅशबोर्डवर नको, बर्फाला चिकटूनही नको. मांडीच्या बाहेरच्या बाजूला कसं द्यायचं हे घरातल्या दोघांना तरी यायला हवं. दिल्यावर लगेच १०८.

जेवण घरचंच न्या, दशम्या उत्तम. ढाब्यावर "दाणे नाहीत ना?" विचारलं की हमखास "नाही ताई" येतं. त्यापेक्षा "वाटणात काय काय घालता?" असं विचारा, मग कूट आपोआप बाहेर पडतं. शेजारच्या आजी मायेनं चिक्की पुढे करतात. "डॉक्टरांनी बंद केलंय" म्हटलं की वाद मिटतो.

चाचणी बहुधा हातावर होते, म्हणून सैल अर्ध्या बाह्यांचा फ्रॉक. निकालाला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ खाजवू द्यायचं नसतं. साबणाचे फुगे न्या, दोन्ही हात गुंततात. पदार्थ थोडाथोडा खाऊ घालून तपासणार असतील तर नंतरही काही तास थांबवून ठेवतात. त्या दिवशी परतीचं तिकीट काढू नका.