खाऱ्या पाण्याच्या रीफ टाकीतील पांढरे ठिपके : उपचार करताना या चुका टाळा

माशाच्या अंगावर मिठाचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके दिसतात, आपण धास्तावतो, कसले तरी औषध टाकतो, आणि चार-पाच दिवसांत ठिपके नाहीसे होऊन मासा पुन्हा खायला लागतो. आजार बरा झाला असे येथे समजणे ही रीफ टाकी, म्हणजे प्रवाळ असलेली खाऱ्या पाण्याची टाकी, सांभाळणाऱ्यांची सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण त्या वेळी परजीवी मेलेला नसतो. तो मासा सोडून वाळूत आणि खडकांवर उतरलेला असतो. दोन-तीन आठवड्यांनी तेच ठिपके कित्येक पटींनी परत येतात आणि तेव्हा मासे वाचवणे फार कठीण होते.

या आजाराला आपण ‘मरीन इक’ म्हणतो. तो क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स नावाच्या एकपेशीय जीवामुळे होतो. हा जीव माशाच्या त्वचेच्या वरच्या थराखाली आणि कल्ल्यांत साधारण 3 ते 7 दिवस राहून पोसतो, नंतर बहुधा अंधाराच्या वेळी बाहेर पडतो, टाकीच्या तळाशी, खडकावर किंवा काचेवर चिकटून स्वतःभोवती टणक कवच तयार करतो आणि त्या कवचात विभाजन होऊन त्याची शेकडोपर्यंत पिल्ले तयार होतात. बहुतेक कवचे 3 दिवस ते 4 आठवडे या काळात फुटतात, परंतु प्रयोगशाळेत 72 दिवसांनंतरही कवच फुटल्याची नोंद आहे. बाहेर आलेल्या पिल्लांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. माशाच्या त्वचेखालील अवस्थेपर्यंत आणि कवचातील अवस्थेपर्यंत औषध नीट पोहोचत नाही. ते मारते ते केवळ पाण्यात मोकळ्या फिरणाऱ्या पिल्लांना. पुढील प्रत्येक चूक हे चक्र लक्षात न घेतल्यामुळेच होते.

मुख्य टाकीत औषध टाकणे

तांब्याचे औषध, म्हणजे कॉपर, मरीन इकवर निश्चित परिणामकारक आहे, पण त्याच मात्रेत ते प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी आणि खडकांतील असंख्य लहान जीव मारते. शिवाय वाळू आणि चुनखडीचे खडक तांबे शोषून घेतात, त्यामुळे पाण्यातील मात्रा टिकत नाही आणि ती टाकी पुढे प्रवाळांसाठी वापरणे धोक्याचे ठरते. ‘प्रवाळांना सुरक्षित’ असे लिहिलेल्या बाटल्या, लसूण किंवा माशांच्या अंगावरील परजीवी टिपणारी क्लीनर श्रिंप कोळंबी यांच्या भरवशावर राहू नये. लसणामुळे मासा कदाचित अधिक खाईल, पण त्वचेखाली बसलेला परजीवी त्यामुळे निघत नाही. यूव्ही दिव्याने पाण्यातील पिल्लांची संख्या घटते, संपत नाही.

गोड्या पाण्याच्या टाकीपासून सुरुवात केलेले अनेकजण तापमान वाढवण्याचा जुना उपाय येथेही करतात. तो करू नये. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत चिलर (पाणी थंड ठेवणारे यंत्र) नसलेल्या टाकीचे पाणी आधीच 29-30 अंशांवर गेलेले असते. त्याहून अधिक उष्णतेने प्रवाळ पांढरे पडू लागतात, आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळत असल्यामुळे कल्ले खराब झालेला मासा आजाराआधी गुदमरून मरतो.

आजार न ओळखता उपचार सुरू करणे

माझ्या मते सर्वाधिक मासे येथे गमावले जातात. ठिपके मोजता येण्याइतके सुटे असतील, तर मरीन इकची शक्यता अधिक. अंगावर सोनेरी-करड्या रंगाची बारीक पूड शिंपडल्यासारखी दिसत असेल, मासा जोरजोरात श्वास घेत पंपाच्या प्रवाहासमोर थांबून राहत असेल आणि उजेड टाळत असेल, तर तो ‘व्हेल्व्हेट’, म्हणजे अमायलूडिनियम नावाच्या परजीवीचा आजार. तो आधी कल्ल्यांवर हल्ला करतो, त्यामुळे अंगावर काही दिसण्यापूर्वीच मासा दगावू शकतो. येथे आठवडाभर वाट पाहण्यास वाव नसतो. क्लाउनफिशच्या अंगावर चिकट पांढरट स्रावाचे पट्टे दिसले, तर ब्रुकलिनेला या आणखी एका एकपेशीय परजीवीचा संशय घ्यावा. त्यावर कॉपरचा भरवसा धरता येत नाही, फॉर्मलिनचा उपचार करावा लागतो. डोळे धुरकट होत असतील आणि मासा अंग घासत असेल, तर फ्लूक, म्हणजे त्वचेला व कल्ल्यांना चिकटणारे चपटे कृमी, तपासावेत. तापमान आणि पीएच जुळवलेल्या गोड्या पाण्यात मासा देखरेखीखाली सुमारे 5 मिनिटे ठेवल्यास त्वचेवरील मोठे फ्लूक पांढरे होऊन तळाशी पडलेले दिसतात. मरीन इक मात्र या आंघोळीने बरा होत नाही.

या फरकावर उपचार अवलंबून असतो. पाण्याचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे खारटपणाचे माप, 1.009 पर्यंत उतरवण्याची पद्धत मरीन इकवर चालते, व्हेल्व्हेटवर चालत नाही. ती वापरताना रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजणारे उपकरण) तपासून घेतलेला असावा, कारण थोडी चूकही परजीवीला जिवंत ठेवते. दर 3 दिवसांच्या आत मासा नव्या, कोरड्या केलेल्या टाकीत हलवण्याची आणि हे 4 वेळा करण्याची पद्धत औषधाविना मरीन इकवर उत्तम चालते, पण तीही केवळ त्याच आजारासाठी.

उपचाराच्या टाकीतील चुका

कॉपर देण्यासाठी मासे मुख्य टाकीतून वेगळ्या टाकीत हलवावे लागतात. घाईने उभारलेल्या अशा टाकीत मासा परजीवीपेक्षा अमोनियाने मरतो. तळ उघडा ठेवावा, लपण्यासाठी पीव्हीसी पाइपचे तुकडे द्यावेत, स्पंज फिल्टर चालू असावा आणि पाणी रोज तपासावे. कॉपर चालू असताना अमोनिया निष्प्रभ करणारी द्रावणे टाकू नयेत. काही द्रावणांमुळे तांबे एकाएकी अधिक विषारी होते. चिलेटेड कॉपरची (दुसऱ्या रसायनाशी बांधलेल्या तांब्याची) मात्रा सामान्यतः लिटरला 2 ते 2.5 मिलिग्रॅम असते, तर आयनिक, म्हणजे मोकळ्या, कॉपरची 0.15 ते 0.20, एकाचा आकडा दुसऱ्यासाठी धरला तर मासा मरेल किंवा उपचार पूर्ण वाया जाईल. टेस्ट किटही त्याच प्रकाराला लागू पडणारे हवे. मात्रा एक दिवस जरी खाली घसरली, तरी दिवसांची मोजणी पहिल्यापासून सुरू करावी. ठिपके गेले म्हणून दहाव्या दिवशी थांबू नये. 30 दिवस पूर्ण करावेत.

मुख्य टाकी लवकर भरणे

सर्व मासे बाहेर काढल्यावर मुख्य टाकी 76 दिवस माशांविना ठेवण्याचा प्रघात वर सांगितलेल्या 72 दिवसांच्या नोंदीवरून आला आहे. ‘त्या गोबी माशावर काही दिसत नाही’ म्हणून एक मासा आत ठेवला, तर अडीच महिने फुकट जातात. या काळात नवीन प्रवाळ किंवा गोगलगाय आणली, तर तिच्या कवचावरून किंवा प्रवाळाच्या बुडख्यावरून परजीवी येऊ शकतो, म्हणून त्या दिवसापासून पुन्हा मोजावे. जाळी, बादली आणि ओले हातही दोन्ही टाक्यांसाठी वेगळे किंवा पूर्ण कोरडे असावेत.

खडक उपसल्याशिवाय मासे पकडता येतच नसतील, तर चांगला आहार, यूव्ही आणि स्थिर पाणी यांच्या आधारे आजार आटोक्यात ठेवता येतो, कारण आजारातून वाचलेल्या माशांत काही महिने अंशतः प्रतिकारशक्ती राहते. तिथे नव्याने आणलेल्या माशाकडे ती नसते, म्हणून अशा टाकीत नवा मासा सोडू नये.